सेप्टिक शॉक : रक्तदाब सुधारूनही लॅक्टेट पुन्हा वाढले तर?

प्रश्न (निवासी डॉक्टर, मेडिसिन)
न्यूमोनियामुळे सेप्टिक शॉकमध्ये (संसर्गामुळे रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत घसरण्याच्या अवस्थेत) गेलेल्या रुग्णाचे रक्तातील लॅक्टेट (पेशींना ऑक्सिजन कमी पडल्यास वाढणारा पदार्थ) दाखल करताना ५.२ मिलिमोल प्रति लिटर होते आणि सलाइन व नॉरअ‍ॅड्रेनॅलिन या रक्तदाब वाढवणाऱ्या औषधानंतर ते ४.१ वर आले. पुढे अ‍ॅड्रेनॅलिनही जोडावे लागले. आता सरासरी रक्तदाब ६५ च्या वर आहे, लघवी होत आहे, हातपाय गरम आहेत. तरीही ताजा आकडा ५.६ आला आहे. आणखी सलाइन द्यावे का?

प्रतिसाद (अतिदक्षता विभाग)
केवळ या आकड्यावरून देऊ नये. अ‍ॅड्रेनॅलिन स्नायूंमधील बीटा-२ ग्राहींना उद्दीपित करून ग्लुकोजचे विघटन वाढवते, त्यामुळे पेशींना ऑक्सिजन पुरेसा मिळत असतानाही लॅक्टेट चढते. नॉरअ‍ॅड्रेनॅलिनने असे सहसा होत नाही. लॅक्टेटचा निचरा मुख्यत्वे यकृत करते, म्हणून यकृताच्या तपासण्या पाहाव्यात आणि रुग्ण मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध घेत होता का, हेही नातेवाइकांना विचारावे. मात्र पोट फुगलेले किंवा दुखरे असेल, तर सगळा दोष औषधावर ढकलून स्वस्थ बसू नये. आतड्याचा रक्तपुरवठा तुटल्याची शंका आधी दूर करावी.

बोटाची केशिका-पुनर्भरण चाचणी (त्वचेतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांत रक्त किती लवकर परतते, ते पाहणारी) दर अर्ध्या तासाने करावी. उजव्या तर्जनीच्या पेरावर काचपट्टी दाबून त्वचा पांढरी करावी, दाब १० सेकंद ठेवावा आणि सोडल्यावर मूळ रंग परतायला ३ सेकंदांहून अधिक लागतात का, ते घड्याळावर मोजावे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, लॅटिन अमेरिकेतील ४२४ रुग्णांच्या अँड्रोमेडा-शॉक चाचणीत या निकषावर उपचार झालेल्या गटात २८ दिवसांतील मृत्यू ३४.९ टक्के, तर लॅक्टेटच्या गटात ४३.४ टक्के होते. हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या सिद्ध ठरला नाही. तरी साध्या काचपट्टीला कमी लेखू नये, एवढे त्यातून नक्की दिसते.

प्रतिसाद (प्रयोगशाळा)
नमुना कसा घेतला, हेही कळवावे. साध्या नळीत तासभर पडून राहिलेल्या रक्तात तांबड्या पेशी लॅक्टेट तयार करतच राहतात. एक तर नमुना लगेच ब्लड गॅस यंत्रावर लावावा, नाहीतर फ्लोराइडच्या राखाडी झाकणाच्या नळीत, बर्फावर ठेवून पाठवावा. रिंगर लॅक्टेट चालू असलेल्या लाइनमधून तो कधीही घेऊ नये.

प्रश्नकर्ता
नमुना धमनीतून घेऊन लगेच यंत्रावर लावला होता. पोट मऊ आहे, केशिका-पुनर्भरण २ सेकंदांत होते. सलाइन थांबवले असून दोन तासांनी लॅक्टेट पुन्हा पाहतो.