गेटवरच्या बॅनरवरचं ‘बी.ई.’

सी-२०३ वहिनी: गेटवर तो बॅनर कुणाला विचारून लावला? आणि नावापुढं बी.ई. कधीपासनं?? माझ्या दिराच्या वर्गात होता तो, डिप्लोमाचं दुसरं वर्ष सुटलं नाही आणि आता इंजिनियर म्हणून महापालिकेला उभारलाय. यावर केस होते का नाही?

ए-१०४ बापू: वहिनी, बी.ई. म्हणजे बोलण्यात एक्स्पर्ट 😂

डी-३०१ काका: बॅनर सोडा. अर्जाबरोबरच्या शपथपत्रात काय लिहिलंय ते बघा.

सेक्रेटरी: नमस्कार. बॅनरचे रीतसर ५०० रु. घेऊन पावती दिलेली आहे.

सी-२०३ वहिनी: पावतीचं कोण विचारतंय ओ? आमचा नवरात्राचा बॅनर एका दिवसात काढायला लावलासा, तेव्हा बरा नियम आठवला.

बी-१०२ वकील ताई: लोकसभा-विधानसभेला लोकप्रतिनिधी कायद्याचं कलम १२५अ आहे, शपथपत्रात खोटं लिहिलं किंवा लपवलं तर ६ महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. महापालिकेला ते लागत नाही, पण शपथेवर खोटं सांगणं न्याय संहितेत गुन्हा आहेच, आणि निवडून आला तर निकालानंतर १० दिवसांत कोर्टात जाता येतं. बॅनर काय शपथेवर लिहीत नाहीत.

डी-३०१ काका: तेच म्हणतोय. शपथपत्र बघा.

ए-४०२ भाऊ: ६ महिनेच? आणि आजवर आत गेलंय कोण

बी-१०२ वकील ताई: दिल्लीचे तोमर. खोट्या लॉ डिग्रीच्या केसमध्ये २०१५ ला अटक, मंत्रिपद गेलं, २०२० ला हायकोर्टानं निवडणूकपण रद्द केली. खातं होतं कायदा.

ए-१०४ बापू: कायदामंत्रीच! जाळ अन् धूर संगटच 🔥

बी-३०३ मामा: डिग्री घेऊन काय चाटायचीय? थेट पाईपलाईनचं पाणी बंद होतं तेव्हा टँकर त्यानंच पाठवलावता.

सी-२०३ वहिनी: तुमच्या विंगला. आम्ही घागरी घेऊन उभं.

बी-१०२ वकील ताई: मामा, नगरसेवकाला डिग्रीची अटच नाही. कमी शिकलाय हा गुन्हा नाही, खोटं लिहिलं तर भानगड.

डी-३०१ काका: शपथपत्र बघितलं का कुणी?

ए-४०२ भाऊ: बघितलं काका. शिक्षण: १० वी पास.

सी-२०३ वहिनी: म्हणजे आयोगाला खरं आणि आम्हाला खोटं! आम्ही काय येडं हाय?

सेक्रेटरी: ग्रुप फक्त सोसायटीच्या कामासाठी आहे, कृपया राजकीय चर्चा टाळावी. 🙏

सी-२०३ वहिनी: गेट कुणाचं हाय मग?

ए-१०४ बापू: हळू, उमेदवार ग्रुपवरच आहेत

डी-५०१ दादा: नमस्कार सर्वांना. डिझाईन पोरांनी केलंय, प्रिंटिंग मिस्टेक झाली. गैरसमज नसावा. 🙏

बी-१०२ वकील ताई: मणिपूरचे एक आमदारपण एमबीए लिहून नंतर कारकुनी चूक म्हणाले होते. सुप्रीम कोर्टानं २०१६ ला ऐकलं नाही, आमदारकी गेली. तुमचं नशीब, चूक फक्त फ्लेक्सवर झाली.

बी-३०३ मामा: झालं की आता, माणूस कबूल करतोय

डी-३०१ काका: मी सकाळपासनं एकच सांगतोय, शपथपत्र बघा.

सी-२०३ वहिनी: बघितलं ओ काका!! सेक्रेटरी, बॅनर उतरवा आणि त्यांचे ५०० परत द्या.

सेक्रेटरी: पावती फाडल्यावर परत देता येत नाहीत.