शब्दचर्चा: बंदुकीतला 'घोडा' नेमका कुठला?

ओहायोकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. विषय जरा आडवळणाचा आहे, सांभाळून घ्या.

मी अमेरिकेत ओहायो राज्यात राहतो. गेल्या हिवाळ्यात एक कमी किमतीचं पिस्तूल घेतलं आणि त्याचा एकेक भाग काढत, घासत, बदलत बंदुकीचं काम शिकायला लागलो. निव्वळ हौस. पिस्तूल १९११ जातीचं. जॉन ब्राउनिंगचा हा आराखडा अमेरिकी सैन्यानं १९११ साली स्वीकारला म्हणून तेच नाव पडलं, आणि १९८५ मध्ये बेरेटा कंपनीच्या पिस्तुलाची निवड होईपर्यंत तेच सैन्याचं अधिकृत पिस्तूल होतं. आता हा आराखडा कोणीही वापरू शकतो. फिलिपिन्स आणि तुर्कस्तानात बनलेली पिस्तुलं बरीच स्वस्त मिळतात. शिकाऊ माणसाला हे बरं पडतं, कारण महागाच्या वस्तूवर कानस चालवायला हात धजत नाही.

अडचण पिस्तुलाची नाही, वडिलांची आहे. बाबा सांगलीला असतात. उभा जन्म आयटीआयमध्ये फिटरच्या पोरांना कानस धरायला शिकवण्यात गेला. रविवारी फोन केला की पहिला प्रश्न, "काय म्हणतंय तुझं यंत्र?" मी सुरू होतो, "बाबा, नवा हॅमर आणि सिअर आणलेत, डिस्कनेक्टर जुनाच ठेवलाय, ग्रिप सेफ्टी अजून नीट बसत नाहीये..." मागच्या खेपेला ते म्हणाले, "मराठीत सांग, नाहीतर फोन आईला दे."

तर मराठीत सांगायचं कसं? ट्रिगरला 'चाप' म्हणतात हे वाचलंय. पण काही जण 'घोडा' म्हणतात. मग हॅमर, म्हणजे चाप ओढल्यावर मागून आपटणारा भाग, त्याला काय म्हणायचं? आणि त्या हॅमरला अडवून धरणाऱ्या सिअरला काही शब्द आहे का? आणि हे काम करणाऱ्या माणसाला काय म्हणायचं?

दुबार

पहिल्यांदा एक सूचना. बाबांना 'स्वस्तातलं पिस्तूल घेतलं' असं सांगू नका. इथल्या पेपरात 'स्वस्तातलं पिस्तूल' म्हणजे गावठी कट्टा, आणि त्याच्या पुढच्या ओळीत 'दोघांना अटक' असतं. 'कमी किमतीचं' बरोबर आहे. (आम्ही रोज संध्याकाळी कट्ट्यावरच बसतो, तो भाग वेगळा.)

आता घोडा. आमच्या आजोबांकडे परवान्याची ठासणीची बंदूक होती, रानडुकरांसाठी. त्यांच्या तोंडी घोडा म्हणजे वरचा, मागे ओढून ठेवायचा भाग. 'घोडा चढवला' म्हणजे बंदूक तयार. बोटानं ओढायचा तो चाप. त्यांचा यात कधी घोटाळा झाला नाही. घोटाळा हिंदीमुळे झालाय. तिकडे 'घोड़ा दबाना' म्हणजे सरळ ट्रिगर दाबणं. आणि मुंबईच्या टोळीभाषेत तर अख्ख्या पिस्तुलालाच घोडा म्हणतात.

म्हणून हॅमर = घोडा, ट्रिगर = चाप. माझ्यापुरता विषय संपला.

जुनी पोथी

इतक्यात संपवू नका, 'चाप' हा शब्द फार गंमतीचा आहे. संस्कृतात चाप म्हणजे धनुष्य. संस्कृत गणितात वर्तुळाच्या कंसाला चाप म्हणतात तो त्यामुळेच. फारसीत धनुष्याला 'कमान'. मराठीत कमान म्हणजे दरवाजावरची, आणि घड्याळातली स्प्रिंगसुद्धा. म्हणजे तुमच्या पिस्तुलात स्प्रिंग ही कमान आणि ट्रिगर हा चाप, दोन्ही धनुष्यंच!

अजून एक. 'शिस्त' हा शब्द आज आपण शाळेत वापरतो. मुळात फारसीतून आला तेव्हा त्याचा संबंध नेमाशी होता. तिरंदाज अंगठ्यात जी पट्टी घालत तिचं आणि नेम धरण्याचं नाव एकच. जुन्या मराठीत 'शिस्त धरणे' म्हणजे बंदुकीचा नेम धरणे. एका रेषेत धरणे, मग रांगेत उभे राहणे, मग वागणुकीतली शिस्त, असा तो सरकत गेला. एनसीसीत गेलेल्यांनी हिंदीतलं 'शिस्त लेना' ऐकलं असेल, तिथे तो अजून मूळ जागी आहे.

धनुष्य जाऊन शतकं लोटली, पण बंदुकीच्या अंगात ते शब्द राहिले.

चिमटा

पोथीकाका, कमान आणि शिस्त मान्य. चाप मात्र मला पटत नाही. बंदुकीचा चाप धनुष्यातून आलाय असं मानायला आधार काय? मराठीत 'चापणे' म्हणजे दाबणे आहेच. लुगडं चापून चोपून नेसतात. केसांना चाप लावतात. नाक टोचलेलं नसलं तर चापाची नथ घालतात, तिलाच दाबाची नथ म्हणतात. ही सगळी माणसं धनुष्य घालून फिरतात का? चाप म्हणजे दाबून धरणारी किंवा दाबायची वस्तू, इतकं साधं आहे.

जुनी पोथी

नथीचा दाखला जबरदस्त आहे, ताई. मी अर्धी माघार घेतो. शब्द 'चापणे'वरून आला असेल, तरी लिहिणाऱ्यांच्या मनात धनुष्य आलं नसेल असं नाही.

चिमटा

पूर्ण माघार घ्या, काका. :)

ओहायोकर

यात माझीही एक भर. इंग्रजीतला ट्रिगर हा डच 'ट्रेकर'वरून आलाय, म्हणजे ओढणारा. म्हणून इंग्रजीत ट्रिगर ओढतात. आपण चाप ओढतोही आणि दाबतोही. बहुतेक बंदुकांत हा भाग खिळीवर फिरतो. १९११मध्ये तो फिरत नाही, खोबणीतून सरळ मागे सरकतो. बोटाला अगदी दाबल्यासारखंच वाटतं. निदान या पिस्तुलापुरता चिमटाताईंचा चाप तंतोतंत बसतो.

गोंयकार

प्राण्यांवर कोणी बोललं नाही अजून? पोर्तुगीजमध्ये हॅमरला 'कांव' म्हणतात, म्हणजे कुत्रा. फ्रेंचमध्येही कुत्राच, 'शियाँ'. जर्मन आणि इंग्रजांचा कोंबडा, 'हान' आणि 'कॉक'. स्पॅनिशमध्ये ट्रिगर म्हणजे 'गातिल्यो', मांजराचं पिल्लू. आपला घोडा. कारण सरळ आहे, चकमकीच्या बंदुकीत गारगोटी धरणारा तो भाग वाकलेल्या मानेच्या जनावरासारखा दिसायचा. ज्याला जे जनावर जवळचं, त्यानं ते पाहिलं.

नळीच्या टोकाला नेम धरायचा जो बारीक उंचवटा असतो त्याला माशी म्हणतात, ती विसरू नका. घोडा मागे, माशी पुढे.

जाता जाता, काडतूस हा शब्द पोर्तुगीज 'कार्तुश'वरून आलाय. आणि चकमक तुर्कीतून, तिथे ती आग पाडायची वस्तू. आपण तिच्यावरून सीमेवर चकमक उडवली.

दुबार

मग बंदूक कुठून? अरबी 'बुंदुक' म्हणजे हेझलनट, बोराएवढं कवचीचं फळ. आधी त्यावरून गलोलीच्या गोळीला ते नाव पडलं, मग गोळी फेकणाऱ्या हत्याराला. फळावरून शस्त्र.

कायदेपंडित नव्हे

रसभंग करतोय, पण धागा वाचून कोणी इथे कानस हातात घेऊ नये म्हणून लिहितो. भारतात शस्त्र अधिनियम १९५९ आहे. त्याच्या कलम ५ प्रमाणे बंदूक बनवणं तर सोडाच, दुरुस्त करणं, बदल करणं, तिची चाचणी घेणं यालाही परवाना लागतो. नळी आखूड करणं किंवा खोट्या बंदुकीची खरी करणं, हे कलम ६. स्वतःच्या बंदुकीचा परवाना आहे म्हणून घरी बसून तिचं काम करता येतं असं नाही. तेव्हा 'हौशी बंदूक कारागीर' हा शब्द इथे वापरायला माणूस मिळणार नाही.

ओहायोकर

बरोबर लिहिलंत. इथे नियम वेगळे आहेत. १९६८ च्या संघीय कायद्यानुसार विकण्यासाठी बंदुका बनवायच्या तर परवाना लागतो, स्वतःच्या बंदुकीवर काम करायला सहसा लागत नाही. राज्याराज्यांत फरक आहेत, काही ठिकाणी फार कडक.

यातून एक शब्दाचा प्रश्न निघतो. इथल्या कायद्याच्या नजरेत 'बंदूक' म्हणजे पिस्तुलाचा फक्त एक भाग: फ्रेम, ज्यावर क्रमांक कोरलेला असतो. नळी, घोडा, चाप, कमानी हे सगळं टपालानं घरी येतं. फ्रेम मात्र परवानाधारक दुकानातून, चौकशीचा अर्ज भरूनच घ्यावी लागते. तिला काय म्हणू? सांगाडा?

चिमटा

चौकट म्हणा. कायद्याच्या चौकटीत आपोआप बसेल.

दुबार

सांगाडा. चौकट चारही बाजूंनी बंद असते. मूठ आणि वरची खोबण एवढ्याला सांगाडाच शोभतो.

कानस

मी कोल्हापूरला फाउंड्रीच्या भागात वर्कशॉपमध्ये काम केलेला माणूस आहे. तुमचे बाबा माझ्या जातकुळीतले दिसतात. माझं ऐका, डिक्शनरी बंद करा. त्यांना भाग कसा काम करतो ते सांगा, शब्द ते स्वतः देतील. शॉपफ्लोअरवर निम्मे शब्द इंग्रजीच आहेत आणि ते मराठीच आहेत. बुशला बुश म्हणायचं. पिनला पिन. तुमच्या १९११च्या नळीच्या पुढे बुशच असतो ना? मग 'बुश सैल होता, नवा घट्ट बसवला' एवढं म्हटलं तरी बाबांच्या डोळ्यांपुढे चित्र उभं राहील. 'अपग्रेड' वगैरे काही नको. 'हात फिरवला' म्हणा.

'एक्स्ट्रॅक्टर'ला काय म्हणताय?

ओहायोकर

तो वापरलेल्या काडतुसाची कड धरून मागे ओढतो. आकड्यासारखा असतो. १९११मध्ये तो स्वतःच स्प्रिंगही असतो. लांब पोलादी काडी, किंचित वाकवून ताण दिलेली. ताण कमी पडला तर रिकामं काडतूस अडकतं, जास्त झाला तर नवं आत शिरायला कुरकुरतं. माझे तीन रविवार त्यात गेले. 'ओढणी' म्हणणार होतो, पण बायको हसली.

चिमटा

'आकडी' घ्या. आंबे काढायची आकडी सगळ्यांना माहीत आहे.

गोंयकार

पण 'पिस्तुलाला आकडी आली' असं म्हटलं तर डॉक्टर बोलावतील.

कानस

हाहा. तरी आकडीच. आकार आणि काम दोन्ही जुळतंय. आणि ओहायोकर, ताण देताना एकदम वाकवू नका. थोडं वाकवा, बसवून बघा, परत काढा. हे तुमच्या बाबांनी शंभर वेळा सांगितलं असेल.

जुनी पोथी

'गनस्मिथ'चं, म्हणजे बंदुकीचं काम करणाऱ्या माणसाचं, राहिलं. शिकलगार हा शब्द सुचवतो. अरबी 'सैकल' म्हणजे झिलई, शिकलगार म्हणजे शस्त्रांना पाणी आणि धार देणारा. आडनाव म्हणून पश्चिम महाराष्ट्रात अजून आहे.

दुबार

पण शिकलगार म्हटल्यावर कात्र्यांना धार लावणाराच डोळ्यांपुढे येतो. उर्दूत 'बंदूकसाज' चालतो, मराठीत कोणी बोलताना ऐकला नाही. पोलिसात 'आर्मरर' म्हणतात. हौशी माणसाला इतक्या मोठ्या पदवीची गरज काय? 'बंदुकीचं काम शिकतोय' पुरे.

ओहायोकर

आज रविवार. फोन झाला, म्हणून अद्ययावत करतो.

कानसमामांचं ऐकलं. व्हिडिओ लावला, पिस्तूल रिकामं आहे हे आधी दाखवलं, स्वतः दोनदा तपासलं. मग सगळं सुटं करून टेबलावर मांडलं. १९११चं एक बरं असतं, अख्ख्या पिस्तुलात मुठीच्या फळ्यांचे चार स्क्रू सोडले तर स्क्रू नाहीत, बाकी सगळं पिना आणि खाचांवर. बाबांना ते फार आवडलं. "देवमाणूस होता हा ब्राउनिंग," म्हणाले.

घोडा कळला. चाप कळला. मुठीतली ती तीन पात्यांची पत्ती पाहिली, जिचं एक पातं सिअरला दाबतं, मधलं चापाला पुढे ढकलतं आणि तिसरं मुठीच्या खटक्याला. "ही कमान मस्त केलीय, एकाच पत्तीवर तीन कामं." ग्रिप सेफ्टीला, म्हणजे मूठ नीट धरल्याशिवाय गोळी सुटू न देणाऱ्या भागाला, त्यांनीच 'मुठीचा खटका' म्हटलं, मी काही सुचवलं नव्हतं.

मग सिअरवर आलो. माझ्याकडे 'अडणा', 'अडसर', 'खिटी' असे तीन शब्द तयार होते. इंग्रजी सिअरसुद्धा जुन्या फ्रेंचमधल्या कुलूप किंवा पकड अशा अर्थाच्या शब्दातून आलाय, तेही सांगायचं होतं. मी फक्त एवढंच म्हणालो, "बाबा, हा बारका तुकडा घोड्याच्या खाचेत दात रोवून बसतो. चाप दाबला की दात सुटतो आणि घोडा पडतो."

बाबांनी चष्मा वर केला. "म्हणजे कुत्रं."

"काय?"

"अरे, सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये नसतात का कुत्रे? दात धरून बसणारे? तसलंच हे. घोड्याला कुत्र्यानं धरलंय. त्याचा दात गोल झाला की संपलं. तू त्याला कानस लावली नाहीस ना?"

नाही लावली म्हटलं, तयार, यंत्रावर घासलेलं आणलंय.

"बरं केलंस. तिथे हात चालवायला अजून दोन वर्षं जाऊ दे. फोन आईला दे आता."

आई शेजारीच होती, फोन तिकडेच होता. पण म्हणायची सवय.