विषय: अ‍ॅपमध्ये शंभरपैकी शंभर, घरात मात्र...

नमस्कार मंडळी,

माझा मुलगा ९ वर्षांचा, स्वमग्न (ऑटिझम असलेला) आहे. टॅबलेटवरच्या अ‍ॅपमध्ये राग, भीती, दुःख असे सगळे चेहरे तो पटापट ओळखतो. पण परवा धाकटी बहीण रडत होती, तर तिच्यासमोर उभा राहून तो आगगाड्यांची इंजिनं सांगत बसला. आठ महिने रोज सराव करतोय. अ‍ॅप बंद करू का? रोबो आणि चष्मेही निघालेत म्हणे, त्यांचा उपयोग होतो का?

– एक आई

---

ताई,

मी स्पीच थेरपिस्ट आहे. हा अनुभव पुष्कळ पालकांचा आहे. अ‍ॅपमधला चेहरा स्थिर असतो, समोरून दिसतो, खाली पर्याय असतात. बहीण रडते ती उशीत तोंड खुपसून, आणि पुढे काय करायचं याचे पर्याय कुठेच लिहिलेले नसतात. ओळखणं आणि वागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

साधा फोन घ्या. बहीण रडायचं नाटक करेल, तुम्ही शेजारी बसाल आणि विचाराल, "पाणी आणू?" अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ पुरे. तोच प्रसंग, तीच खोली, तीच माणसं. तो शांत असताना दाखवा आणि लगेच एकदा करून बघा. याला व्हिडिओ मॉडेलिंग म्हणतात. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५ मुलांना काही कौशल्यं प्रत्यक्ष करून दाखवली, काही व्हिडिओवर. व्हिडिओवरची कौशल्यं बहुतेक मुलं लवकर शिकली, दुसऱ्या ठिकाणीही वापरू लागली. अभ्यास लहान आहे, पण माझ्या कामात मलाही हेच दिसतं.

चष्म्यांबद्दल: हे चष्मे समोरच्याच्या चेहऱ्यावरची भावना ओळखून मुलाला सांगतात. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०१९च्या चाचणीत ६ ते १२ वयाची ७१ मुलं होती. नेहमीच्या थेरपीसोबत चष्मा वापरणाऱ्यांचे सामाजिक वागणुकीचे गुण वाढले, पण ते गुण पालकांच्या सांगण्यावरून दिलेले होते. येल विद्यापीठाच्या २०१८च्या अभ्यासात १२ मुलांच्या घरी महिनाभर सामाजिक कौशल्यांचे खेळ घेणारा रोबो होता, रोज अर्धा तास. मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की घरातलं मोठं माणूस रोज सोबत बसायचं. मुलाला यंत्राजवळ एकटं सोडलेलं नव्हतं.

---

ताई, मी स्वतः स्वमग्न आहे. मोठा झाल्यावर निदान झालं.

एक कळकळीची विनंती. व्हिडिओत "डोळ्यांत बघ" हे शिकवू नका. मला डोळ्यांत बघावं लागलं की समोरचा काय बोलतोय ते ऐकूच येत नाही. मान खाली घालून मी जास्त नीट ऐकतो.

आणि आगगाड्यांचं म्हणाल, तर त्याला स्वतःला ज्यानं बरं वाटतं तेच तो तिला देत असेल. डेमियन मिल्टन या स्वमग्न अभ्यासकानं २०१२ मध्ये मांडलं की गैरसमज दोन्ही बाजूंनी होतो: आम्हाला तुम्ही कळत नाही, तसे तुम्हाला आम्ही. म्हणून एक व्हिडिओ बहिणीसाठीही करा, दादा गोंधळला की कसा दिसतो याचा. आधी दोघांना विचारून.

---

दोघांचेही मनापासून आभार.

काल मुलीला विचारलं, रडताना दादानं काय करावं? म्हणाली, "इंजिनं सांगू दे, पण आधी खाली बस म्हणावं. उभा राहिला की ओरडतोय असं वाटतं."

पहिला व्हिडिओ खाली बसण्याचाच करतेय.