व्हिडिओ गेममधला मुका हीरो म्हणजे कंजूषी? अजिबात नाही!

रामबागकर: काल सुदामानगरताईंनी लिहिलं, "आजच्या काळात मुका हीरो म्हणजे आवाजाचे पैसे वाचवायचे, बाकी काही नाही." रात्रभर डोक्यात तेच. अहो ताई, 1998 च्या हाफ-लाइफमध्ये शास्त्रज्ञ बोलतात, सिक्युरिटीवाले बोलतात, गप्प आहे तो फक्त हीरो, गॉर्डन फ्रीमन, ज्याला मी चालवतो, मग पैसे वाचवले कुठे? तो गप्प आहे म्हणून तिथे मी असतो. पोर्टलमध्ये ग्लॅडॉस नावाची कॉम्प्युटरबाई सतत टोमणे मारते, हीरोइन चेल तोंडातून अक्षर काढत नाही, ते टोमणे थेट मला लागतात. चेलने उलट उत्तर दिलं असतं तर ते त्या दोघींचं भांडण झालं असतं, मी नुसता बघ्या. आणि 2015 चा फॉलआउट 4 बघा. हीरोला आवाज दिला, पुरुष आणि बाई दोन्ही कलाकारांनी प्रत्येकी 13,000 च्या वर ओळी रेकॉर्ड केल्या, उत्तर द्यायला माझ्या हातात उरली चार बटणं. त्याच्या आधीच्या फॉलआउट न्यू व्हेगासमध्ये अख्खं वाक्य वाचून निवडायचो, इथे दोन शब्द दिसतात आणि तो भलतंच बोलून मोकळा.

सुदामानगरची: तो दोष आवाजाचा नाही, लिहिणाऱ्याचा. मास इफेक्टमध्ये जेनिफर हेलच्या आवाजातली शेपर्ड ऐका आणि मग बोला. रेड डेड 2 मध्ये हीरो आर्थरला खोकला सुरू होतो ना, तेव्हा आमच्याकडे बाबांचं फुप्फुसांचंच दुखणं चालू होतं. रात्री दीडला हेडफोनमध्ये तो खोकला आला, मला वाटलं आतून आला. गेम थांबवून आतल्या खोलीत जाऊन पाहिलं, बाबा झोपले होते, पंख्याखाली चादर हलत होती. मुका आर्थर मला खुर्चीतून उठवू शकला असता?

नंदलालपुऱ्याचा भिया: दोघंही कुठे अडकलात. जीटीए 3 चा क्लॉड मुका, 2002 च्या व्हाइस सिटीत टॉमीला हॉलीवूडच्या रे लिओटाचा आवाज, आपल्या इंदूरच्या राजवाड्यामागच्या सायबर कॅफेत आम्हाला दोन्ही सारखेच, इंग्रजी कोणाला कळत होतं, सीन आला की बटण दाबून पुढे. आपल्या भाषेत हीरो कधी बोलणार ते बोला! राजी हा गेम तर पुण्यात बनला, 2020 ला इंग्रजीत आला, नंतर हिंदी आवाज मिळाला. पुण्यात बनून मराठी नाही!

रामबागकर: आणि मिळाला तर कोणाची मराठी, भिया? मी पुण्यात एका स्टुडिओत डबिंगच्या ऑडिशनला गेलो होतो. स्क्रिप्ट नीट वाचली. बाहेर येताना सहज विचारलं, "आता पुढचा कोण येऊन राहिला?" काचेपलीकडचे दोघं हसले, एक म्हणाला, ही तर हिंदीच आहे. पुन्हा बोलावलं नाही. गॉर्डन माझ्या डोक्यात माझ्या मराठीत बोलतो, त्याला कोणी हसत नाही.

सुदामानगरची: म्हणजे दोन माणसं हसली म्हणून सगळ्या हीरोंनी तोंड शिवून घ्यायचं? होळकरांच्या वेळेपासून आपली घरं इथे आहेत, "येऊन राहिला" माझी आजी म्हणायची, ती काय हिंदी बोलायची?

टिळकनगर: आजी बोलायची हो, पण आज तुमच्या घरातली पोरं कोणती भाषा बोलतात? आधी ते बघा, मग कंपन्यांकडे मराठी मागा.

सुदामानगरची: माझ्या घरात कोण काय बोलतं ते तुम्ही सांगू नका! मुलगी माझ्याशी मराठीतच बोलते, गेम मात्र हिंदी-इंग्रजीत खेळते कारण मराठीत काही मिळतच नाही.

नंदलालपुऱ्याचा भिया: ताईंचं बरोबर आहे. कानावर पडेल तेच तोंडात येईल.

टिळकनगर: बरं, घरावर जायला नको होतं. मुद्दा सोडत नाही.

रामबागकर: एक मान्य करतो, मनाविरुद्ध करतो. डेड स्पेसचा आयझॅक 2008 च्या पहिल्या गेममध्ये मुका होता, त्याच गेमच्या 2023 च्या रिमेकमध्ये बोलतो आणि मला खटकलं नाही. इंजिनिअर माणूस, जहाज मोडलंय, सोबती काय दुरुस्त करायचं ते विचारतात, तिथे गप्प राहणं आधीच विचित्र वाटायचं. गॉर्डनला मात्र हात लावायचा नाही.

सुदामानगरची: नाही लावत. त्या ऑडिशनची एखादी ओळ आठवते का अजून? आपल्या मराठीत बोलून रेकॉर्ड करून पाठवा, मला ऐकायचीय.

रामबागकर: सगळी पाठ आहे. रात्री घरातले झोपले की पाठवतो.