कंटेम्पररी: क्लास घेताना स्वतःचं नाचणं मागे पडतंय, सल्ला हवा

गिरकी
नमस्कार मंडळी. मी कंटेम्पररी (समकालीन) नृत्य करते. डिप्लोमा झाल्यावर एका छोट्या ग्रुपबरोबर प्रयोग केले, त्याच काळात क्लास घ्यायला लागले. शिकवणं मला मनापासून आवडतं. ताठ उभं राहणारी एखादी मुलगी पहिल्यांदा न बिचकता जमिनीवर रोल करते, तेव्हा फार आनंद होतो. पण बॅचेस वाढल्या तसं माझं स्वतःचं नाचणं मागे पडलंय. दिवसभर अंग हलत असतं, तरी रात्री जाणवतं की आज नवीन काही शिकले नाही. आता ऑडिशन द्याव्यात, पूर्णवेळ अभ्यासक्रमाला जावं, की शिकवण्यातच पुढे जावं? डावा गुडघाही अधूनमधून कुरकुर करतो. या क्षेत्रातल्यांनी कृपया सविस्तर लिहा.

मंद्रसप्तक
गिरकी, मी बरीच वर्षं शिकवते आहे, म्हणून अगदी मोकळेपणाने सांगते. क्लास घेणं हा रियाज नाही. बोलता बोलता तू मध्येच उठून उडी दाखवतेस तेव्हा अंग थंड असतं. दाखवतेस तेही बहुतेक एकाच बाजूने, कारण दुसरी बाजू मुलं आपोआप करतात. लक्ष सगळं त्यांच्या पावलांवर, स्वतःच्या श्वासावर नाही. असं रोज होत राहिलं की शरीर एका बाजूला पक्कं आणि दुसऱ्या बाजूला अडाणी राहतं. कुरकुरणारा गुडघा तू दाखवताना ज्यावर उतरतेस त्याच पायाचा आहे का, तेवढं बघ.

उपाय साधे आहेत. एक आठवडा डाव्या बाजूने दाखव, पुढचा उजव्या. उड्या तयारीच्या विद्यार्थ्यांना दाखवायला लाव, तू शब्दांत सांग. शब्दांत सांगायची सवय लागली की शिकवणंही सुधारतं. आणि पहिल्या बॅचच्या आधीचा वेळ स्वतःसाठी राखून ठेव. बॅचेसनंतर करू म्हटलं की ते होत नाही.

शिवाय कुणाच्या तरी क्लासमध्ये विद्यार्थिनी म्हणून जा, आणि जिथे तू कच्ची आहेस तिथेच जा. अमेरिकन नर्तकी मार्था ग्रॅहमच्या पद्धतीत वाढली असशील तर काँट्रॅक्शन-रिलीज, म्हणजे धड आकसणं आणि सोडणं, अंगात मुरलेलं असेल. मग तिच्याच काळातल्या डोरिस हम्फ्रीचं पडणं-सावरणं आणि ते पुढे नेणारं, तिचा शिष्य होसे लिमॉनचं काम करून बघ. वजन सोडून देणं तिथे नव्याने कळतं. कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशनही जरूर कर. १९७२ मध्ये स्टीव्ह पॅक्स्टनने सुरू केलेला हा प्रकार जोडीदाराचं वजन घ्यायला आणि आपलं द्यायला शिकवतो. सतत पुढे उभं राहून सूचना देणाऱ्या आपल्यासारख्यांना त्याची जास्त गरज असते.

पायरव
मंद्रसप्तक यांना +१. मी फिजिओथेरपिस्ट आहे, नर्तकांबरोबर काम करते. गुडघ्याचं निदान इथे करता येणार नाही, दाखवून घ्याच. तोवर एक लक्षात ठेवा: स्नायू भरून येणं वेगळं आणि हाडावर बोट ठेवून दाखवता येईल असं एका जागी दुखणं वेगळं. असं दुखणं उड्यांनी वाढत असेल, रात्री किंवा बसल्याजागीही राहत असेल, तर उड्या थांबवून डॉक्टरांकडे जा. स्ट्रेस फ्रॅक्चर (सततच्या ताणाने हाडाला पडलेली बारीक भेग) सुरुवातीच्या साध्या एक्स-रेत अनेकदा दिसत नाही, म्हणून 'एक्स-रे नॉर्मल' ऐकून लगेच नाचायला लागू नका.

शिकवता ती जमीनही तपासा. काँक्रीटवर थेट अंथरलेला व्हायनिल (नाचासाठीचं प्लास्टिकचं आच्छादन) घसरू देत नाही, पण धक्काही शोषत नाही. त्यासाठी खाली लवचीक लाकडी फ्लोअर लागतो. तो नसेल तर त्या हॉलमधल्या बॅचला उड्या कमी, फ्लोअरवर्क (जमिनीवर बसून-लोळून करायच्या हालचाली) जास्त.

एक नाजूक पण महत्त्वाचं. क्लासच्या धावपळीत जेवणं चुकतात. खर्च होते तेवढी ऊर्जा पोटात जात नसेल तर हाडं कमकुवत होतात. आधी नियमित असलेली पाळी सलग ३ महिने आली नाही तर 'नाचणाऱ्यांचं असंच असतं' म्हणून सोडून देऊ नका. तुमच्या विद्यार्थिनींनाही हे तुम्हीच सांगू शकता, त्या तुमचं ऐकतात.

विंगेतून
ऑडिशनबद्दल लिहितो. माझ्या मते लगेच पूर्णवेळ अभ्यासक्रमात उडी घेऊ नका. आधी एखादं छोटं इंटेन्सिव्ह (थोड्या दिवसांचं सलग प्रशिक्षण) करा आणि तिथून ठरवा. व्हिएन्नातला इम्पल्सटान्झ महोत्सव १९८४ पासून चालू आहे, दर उन्हाळ्यात तिथे वेगवेगळ्या पद्धतींच्या कार्यशाळा असतात. १९३४ मध्ये सुरू झालेला अमेरिकन डान्स फेस्टिव्हलही प्रशिक्षणासाठी ओळखला जातो. अशा ठिकाणी तुमच्यासारखंच शिकवून नाचणारे लोक भेटतात, ही ओळख पुढे फार उपयोगी पडते. त्यानंतरही पूर्णवेळ शिकावंसं वाटलं तर ब्रसेल्समधल्या पार्ट्‌ससारख्या शाळांचा विचार करा. आन तेरेसा डे कीर्समाकर यांनी ती १९९५ मध्ये सुरू केली.

ऑडिशनमध्ये पाय किती वर जातो याचीच भीती असते. प्रत्यक्षात दिलेला फ्रेज (हालचालींचा छोटा क्रम) तुम्ही किती लवकर उचलता, सूचना बदलली की कसं बदलता आणि शेजारच्याला जागा देता का, हेही बघतात. शिकवणाऱ्यांना इथे फायदा आहे, कारण दुसऱ्याचं शरीर वाचायची सवय असते. अडचण एकच: आपण दाखवल्यासारखं नाचायला लागतो, स्पष्ट आणि सुटं सुटं. ती सवय मोडायला आरशाशिवाय इम्प्रोव्हायझेशन करा. इस्रायली नृत्यदिग्दर्शक ओहाद नाहारिन यांच्या गागा या पद्धतीच्या क्लासमध्ये आरसे नसतातच, आणि का ते पहिल्या क्लासमध्येच कळतं.

आणि शिकवणं कमी दर्जाचं समजू नका. दोन प्रयोगांमधल्या रिकाम्या महिन्यांत अनेकांचं घर त्यावरच चालतं. फक्त मानधन, रद्द झालेल्या तासाचे पैसे आणि तुमच्या रचनेला श्रेय, हे तिन्ही सुरू करण्याआधी लेखी घ्या. मेसेजवर लिहून घेतलं तरी अजिबात नसण्यापेक्षा बरं.

गिरकी
सगळ्यांचे मनापासून आभार. मंद्रसप्तक ताई, बघितलं, गुडघा त्याच पायाचा आहे! फिजिओची वेळ घेतली. सकाळची एक बॅच सहकारी मैत्रिणीला देते आहे, तो वेळ माझा. आता ऑडिशनसाठी पाठवायच्या शोरीलचं (आपल्या नाचाच्या निवडक व्हिडिओचं) सांगा. माझ्याकडे प्रयोगांचे तुकडे आहेत, सगळे वेगवेगळ्या कॅमेऱ्यांचे.

विंगेतून
नुसते तुकडे जोडू नका. निदान एक सलग शॉट हवाच, कट न करता, डोक्यापासून पावलापर्यंत पूर्ण शरीर दिसणारा, साध्या भिंतीसमोर. तो आधी ठेवा, प्रयोगांचे तुकडे नंतर. समूहनृत्याच्या तुकड्यात तुम्ही कुठे आहात ते सुरुवातीलाच लिहा, शोधायला कुणी थांबत नाही. शिकवतानाचा व्हिडिओ वेगळा ठेवा आणि त्यात मुलं असतील तर पालकांची लेखी परवानगी आधी घ्या.