मदत हवी आहे: जोजोमधले स्टँडचे नियम कोणी नीट समजावेल का?
जोजोज बिझार ॲडव्हेंचर या जपानी कॉमिकचा चौथा भाग वाचतोय आणि स्टँडच्या, म्हणजे मालकासाठी लढणाऱ्या आत्मिक शक्तीच्या, नियमांत पार अडकलोय. तिसऱ्या भागात कसं सरळ होतं, स्टँडला लागलं की मालकालाही तीच जखम, तिथल्या नायकाच्या, जोतारोच्या स्टार प्लॅटिनमसारखा जवळचा असेल तर ताकद जबरदस्त पण दोनेक मीटरच्या पुढे जात नाही, हायरोफंट ग्रीनसारखा लांब जाणारा असेल तर मार हलका. आता चौथ्या भागातल्या खलनायक किराच्या स्टँडचा चालता बॉम्ब, शीअर हार्ट अटॅक बघा, उष्णतेमागे आपोआप धावतो, जोतारोने एवढे ठोसे हाणले तरी किराला ओरखडासुद्धा नाही, पण जोतारोचा साथीदार कोइची याच्या एकोज या स्टँडने तो जड केला तर तिकडे किराचा डावा हातच जड! मार पोचत नाही तर वजन कसं पोचलं? तो डाव्या हातातूनच सुटतो म्हणून का? प्लीज सांगा, फक्त पाचव्या भागाचं काही फोडू नका.