मदत हवी आहे: मान आणि डोक्याचे गणिती मॉडेल फिरत्या खुर्चीवर फसते

मी नाशिकमध्ये यंत्र अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असून प्रकल्पासाठी मान आणि डोके यांचे आडव्या पातळीतील (डावी-उजवीकडे वळण्याचे) मॉडेल तयार करत आहे. (पंचवटी एक्स्प्रेसमध्ये पेंगणाऱ्यांच्या माना ज्या पातळीत पडतात, ती मुद्दाम वगळली आहे, तेथे गुरुत्वाकर्षणही धरावे लागते.) डोक्याचे जडत्व आघूर्ण (फिरवण्याला होणारा विरोध) ०.०२ किलोग्रॅम-वर्गमीटर धरून त्याला मानेची ताठरता व अवमंदन (हालचाल शमवणारा विरोध) जोडले आणि त्यावर दोन प्रतिक्षिप्त क्रिया बसवल्या: एक अंतर्कर्णातील अर्धवर्तुळाकार नलिकांकडून येणारी, दुसरी मानेच्या स्नायूंच्या ताणातून उद्भवणारी. पेंग, हेन आणि पीटरसन यांनी १९९६ मध्ये याच पातळीसाठी मांडलेले मॉडेल आधाराला घेतले आहे.

मित्राला डोळे मिटून खुर्चीत बसवले, लक्ष मानेकडे जाऊ नये म्हणून एकोणतिसाचा पाढा मनात म्हणायला लावला आणि एक फोन कपाळावर, दुसरा खुर्चीच्या पाठीला बांधून दोन्हींच्या जायरोस्कोपच्या नोंदी घेतल्या. खुर्ची स्थिर ठेवून डोक्याला हलका धक्का दिला की मॉडेल आणि नोंद जुळतात. खुर्चीच उलटसुलट फिरवली की मात्र मॉडेलमधील डोके धडाला खिळल्यासारखे फिरते, तर प्रत्यक्षात ते मागे रेंगाळते. समीकरणात सर्वत्र धडाच्या तुलनेत मान किती वळली हाच कोन घेतला आहे. दोन्ही प्रतिक्षिप्त क्रियांचे गेन (त्यांची तीव्रता ठरवणारे गुणक) बदलून पाहिले, उपयोग झाला नाही. चूक कोठे असावी?

प्रतिसाद १:
चूक त्या एकाच कोनात आहे. नलिका कवटीच्या हाडात असल्यामुळे त्यांना खोलीच्या तुलनेत डोक्याचे फिरणे कळते. धडाची त्यांना गंधवार्ताही नसते. मानेच्या स्नायूंना मात्र फक्त डोके आणि धड यांमधील कोन कळतो. धड स्थिर असताना दोन्ही कोन एकच, म्हणून धक्क्याची चाचणी जुळली. धड फिरू लागले की नलिकांची प्रतिक्रिया डोक्याला जागीच धरू पाहते आणि मानेची त्याला धडाबरोबर ओढते. आपल्या मॉडेलमध्ये दोन्ही एकाच बाजूला ओढत आहेत. धड स्थिर असताना दोन्ही कोन एकच असल्याने धक्क्याच्या चाचणीतून फक्त दोन्ही गेनची बेरीज मिळते. गेन सुटे करायचे तर फिरत्या खुर्चीचीच नोंद हवी. नलिकेसाठी नुसता वेगही घेऊ नये, कारण तिचा कालस्थिरांक (संकेत ओसरण्याच्या काळाचे माप) सुमारे ५ सेकंद असल्याने फार संथ फिरणे तिच्याकडून निसटते. शिवाय २०० ग्रॅमचा फोन आसापासून १० सेंटिमीटरवर असेल, तर तो एकटाच जडत्व आघूर्णात ०.००२ ची, म्हणजे १० टक्क्यांची भर घालतो. तो धरला आहे का?

धागाकर्ता:
नाही, फोन धरलेला नव्हता. धडाचा कोन खुर्चीवरील फोनवरून घ्यायचा, तर मित्राचे खांदे पाठीला पट्ट्याने बांधावे लागतील का?